बायनाबाई रामटेके, स्कोर वजा एक

बायनाबाई रामटेके यांनी आयुष्यात कोणाचा एक रुपया बुडवला नाही. हे मी आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं ऐकून कोणालाही वाटेल की बाईंचंच काहीतरी चुकलं असणार. चुकलं. एकदाच चुकलं, आणि ते मी लपवणार नाही. पण त्या चुकीची जी किंमत त्यांना मोजावी लागली ती आठवली की आजही माझं डोकं फिरतं. मी मास्तर माणूस आहे, वर्गात सत्तर पोरं सांभाळतो, उठसूट डोकं फिरवून घेणं मला परवडत नाही.

ब्रह्मपुरीत कॉलेजच्या मागच्या गल्लीत बाईंची मेस आहे. पाटी नाही, नाव नाही. बापूराव नावाच्या निवृत्त तलाठ्याचं जुनं घर, पुढं बाईंच्या राहत्या दोन खोल्या, मागं मोठं अंगण, अंगणात बोअरिंग आणि टिनाचं शेड. त्या शेडमध्ये दोन पंगतींत चाळीस-पंचेचाळीस पोरं जेवतात. मी जिवतीच्या डोंगरातून इथं शिकायला आलो तेव्हा तीन महिने नुसत्या भाताला वैतागलो होतो. आमच्याकडं ज्वारी, इथं सकाळ-संध्याकाळ भात. बाईंनी ते कसं ओळखलं कोण जाणे, पण रविवारी माझ्या ताटात एक भाकर यायला लागली. कौतुकानं नाही हं. भाकर आदळायच्या आणि म्हणायच्या, "घे, खाय. तोंड तं असं करते जसा मी तुले उपाशी मारून राह्यली."

प्रेम करायची बाईंची रीत ही अशी. ताटात अन्न टाकलेलं त्यांना खपत नसे. आज टाकलं तर उद्या ताट अर्धंच. "खात नाई तं घेते काऊन?" एवढं बोलून पुढच्या ताटाकडं. जो पोरगा परीक्षेत नापास व्हायचा त्याला मात्र त्या दिवशी कोणी काही बोलायचं नाही, असा नियम होता, आणि वाढताना त्याच्या वरणात तूप जास्त पडायचं.

मी दुसऱ्या वर्षाला असताना शिष्यवृत्ती अडकली. सात महिने. सात महिने मी बाईंना एक पैसा दिला नाही. त्यांनी मागितला नाही. मीच लाजेनं शेवटच्या पंगतीला, कोपऱ्यात बसायचो. एकदा त्यांनी सगळ्यांसमोर मला पहिल्या पंगतीत ओढून बसवलं आणि म्हणाल्या, "सरकारनं तुयं अडवलं, मी तुयं जेवन अडवू का?" शिष्यवृत्ती आली तेव्हा मी सगळे पैसे एकदम नेऊन दिले. त्यांनी मोजलेही नाहीत.

देणाऱ्या बाजूनं बाईंचा हात असा सैल होता. घेणाऱ्या बाजूनं मात्र मूठ आवळलेली. किराणावाल्याचे पैसे माल घरात उतरायच्या आधी. गॅसवाला दारात दिसला की पैसे हातात तयार. भाडं एक तारखेला सकाळी सात वाजता. एकदा बापूराव ऑपरेशनसाठी नागपूरला दवाखान्यात होते, तर एक तारखेला बाई बस पकडून तिथं पोचल्या. आधी भाडं उशाशी ठेवलं, मग तब्येत विचारली. बापूराव ही गोष्ट हसून हसून सांगत. मला त्यात फारसं हसू येत नसे, कारण त्यामागचं मला माहीत होतं.

बाईंचा नवरा सोमाजी गवंडी होता. नागभीडच्या अलीकडच्या एका गावात एकत्र कुटुंब. सोमाजीनं स्वतःच्या हातानं वीट वीट रचून घर बांधलं, पण कागद थोरल्या भावाच्या नावावर. घरचंच घर, कागद कोण बघतो? सोमाजी तापानं गेला तेव्हा बाई तेहतीस वर्षांच्या, मूलबाळ नाही. पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, भन्तेजी गेले, पाहुणे गेले, आणि दुसऱ्या दिवशी थोरल्यानं सांगितलं की सोमाजीनं आपल्याकडून पैसे उचलले होते, ते आधी द्या. खरं की खोटं, विचारायला सोमाजी नव्हता. बाईंनी गळ्यातलं, कानातलं विकून ते पैसे दिले. दिल्यावर थोरला म्हणाला, "आता तुमचं-आमचं काई नाई." म्हणजे घरही नाही. बाई एक पत्र्याची पेटी घेऊन ब्रह्मपुरीच्या जीपमध्ये बसल्या.

त्या दिवसापासून त्यांनी कानाला खडा लावला. कोणाचं देणं अंगावर ठेवायचं नाही, घटकाभरही नाही. "आपल्याले कोनी म्हनू नाई शकला पायजे का माह्यं तुमच्याकडे निघते," असं त्या म्हणायच्या. दुसऱ्यांच्या घरी भांडी घासत, डबे करत त्यांनी मेस उभी केली. बावीस वर्षं. बचत गटात होत्या, पण गटातून कर्ज न घेणारी ती एकटी बाई. गटातल्या बाया त्यांना हसायच्या. हसू देत, म्हणायच्या.

तर दोन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, बापूरावांनी सांगितलं की आता झेपत नाही, मी मुलाकडं नागपूरला जातो, घर विकायचं आहे. माणूस सज्जन. म्हणाले, "पयला हक्क तुमचा, बायनाबाई. चौदा लाख. डिसेंबरपर्यंत मी कोनाशी बोलत नाई."

बाईंकडं सहा लाख होते. बँकेत होते, खात्यात दिसत होते. आठ लाख कमी. त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. मी आता इथंच कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो, घरही इथंच घेतलंय, कर्जावर. बाई शेडच्या खांबाला टेकून उभ्या होत्या. म्हणाल्या, "अजय, मी कर्ज काढते म्हन्ते." ज्या बाईनं उधारीवर कधी काडेपेटी आणली नाही तिच्या तोंडून हा शब्द निघायला किती जोर लागला असेल, ते मला दिसत होतं. "मले माह्या नावाचं घर पायजे. पुन्ना कोनी मले दारातून बाहेर काढाले नाई पायजे. बस."

मी म्हटलं, "बाई, तुम्हाला नाही मिळणार तर कोणाला मिळणार?" मनापासून म्हटलं. गाढव होतो.

कागद सगळे होते. मेसमध्ये जेवून पुढं सीए झालेल्या एका पोरानं मागं लागून बाईंना आयकराचं विवरण भरायला लावलं होतं, तीन वर्षांचं. दुकानाचा परवाना होता. आम्ही दोघं बँकेत गेलो. माझं कर्ज त्याच शाखेत. मॅनेजर तरुण, बाहेरगावचा, बोलायला नम्र. त्यानं खुर्ची दिली, पाणी दिलं, कागद चाळले, मान डोलावली. मग कॉम्प्युटरवर काही टाइप केलं आणि त्याचा चेहरा थोडा बदलला.

"मॅडम, तुमचा क्रेडिट स्कोर वजा एक येतोय."

"म्हन्जे?"

"म्हणजे तुम्ही कधी कर्ज घेतलेलंच नाही. त्यामुळं तुम्ही फेडाल की नाही हे सिस्टीमला कळत नाही."

बाईंनी विचारलं, "जे बुडवते, त्याईचा किती असते, सायेब?"

मॅनेजर खरं बोलला. "असतो पाचशे, साडेपाचशे."

"म्हन्जे बुडवनारा मानूस माह्याहून वर हाये?"

"तसं नाही मॅडम. वजा एक म्हणजे वाईट असं नाही. माहिती नाही, एवढंच."

"मंग 'माहीत नाई' असं लिहा ना! वजा काऊन लिहिता? माहीत नाई तं विचारा. हा बसला इथी, याले विचारा. किराणावाल्याले विचारा. घरमालकाले विचारा."

मॅनेजरनं माझ्याकडं पाहिलं. मी काय सांगणार होतो? माझा स्कोर सातशे ऐंशी. घराचं कर्ज, गाडीचं कर्ज, दोन क्रेडिट कार्डं. ज्या माणसानं या बाईचं सात महिने उधार खाल्लं त्याला मशीन शाबासकी देतं, आणि जिनं खाऊ घातलं ती शून्याच्याही खाली. हे मी मॅनेजरला सांगितलं, याच शब्दांत. तो म्हणाला, "सर, माझ्या हातात नाही." हे वाक्य मी त्यानंतरच्या दहा महिन्यांत इतक्या वेळा ऐकलं की कोणी नुसतं "माझ्या" म्हटलं तरी माझे हात शिवशिवतात.

जामीन चालणार नाही. माझी सही चालणार नाही. सहा लाख आधी भरतो म्हटलं, तरी चालणार नाही. मग त्यानंच उपाय सांगितला. एखादं छोटं कर्ज घ्या. हफ्त्यावर एखादी वस्तू घ्या, सहा-आठ महिने वेळेवर हफ्ते भरा, स्कोर तयार होईल, मग या.

बाहेर आल्यावर बाई पायरीवर बसल्या. "म्हन्जे मी उधारी केली नाई म्हनून मले उधारी भेटत नाई. अन् उधारी भेटाले पायजे तं पयले उधारी करा."

"हो बाई."

"हे कोन्या शहान्यानं काढलं?"

मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. भेटला तर त्याला मी बाईंच्या पंगतीत बसवीन आणि अर्धं ताट वाढीन.

एप्रिलमध्ये बाईंनी हफ्त्यावर फ्रीझर घेतला. मेसला उपयोगी, म्हणजे पैसा वाया नाही, अशी मनाची समजूत घालून घेतली. बारा हफ्ते, दर महिन्याच्या पाच तारखेला. ज्या दिवशी फ्रीझर आला त्या दिवशी त्यांनी त्यात काही ठेवलं नाही. विचारलं तर म्हणाल्या, "दुसऱ्याची वस्तू हाये अजून." मी हसलो. तिथंच मला कळायला हवं होतं.

ऑक्टोबरात आम्ही पुन्हा बँकेत गेलो. बाई नवं लुगडं नेसून आल्या होत्या. पिशवीतून त्यांनी एक कागद काढून मॅनेजरसमोर ठेवला. प्लास्टिकमध्ये मढवून आणलेला, शाळेचा दाखला मढवतात तसा. त्यावर लिहिलं होतं की सदर ग्राहकानं संपूर्ण कर्ज फेडलं असून खातं बंद करण्यात आलं आहे. तारीख जूनची.

मॅनेजर कागदाकडं पाहत राहिला. "मॅडम, एकच हफ्ता भरला? आणि मग बंद?"

"बंद नाई, सायेब. फेडलं. पुरं फेडलं. एक पैसा ठेवला नाई."

झालं होतं असं. मे महिन्यात, हफ्त्याच्या तीन दिवस आधी, बाईंना एक फोन आला. माणसाचा नाही, टेप लावलेल्या बाईचा. तुमचा हफ्ता अमुक तारखेला देय आहे, कृपया खात्यात रक्कम ठेवा. असा फोन माझ्यासारख्याला महिन्यात चार येतात, मी कानाला न लावताच कापतो. बाईंना तो फोन म्हणजे भर चौकात कोणी पदर धरावा तसा लागला. तारीख यायच्या आधीच मागायला आले! त्या आयुष्यभर मागणाऱ्याच्या आधी पोचणारी बाई. मे महिना त्यांनी दातओठ खाऊन काढला. जूनमध्ये पुन्हा तोच फोन आला तेव्हा पोळ्या लाटत होत्या. लाटणं टाकलं, पीठभरल्या हातानं पिशवी उचलली, दुकानात गेल्या आणि उरलेले सगळे पैसे काउंटरवर मोजून दिले. "पुन्ना माह्या घरी फोन नाई आला पायजे," म्हणाल्या. आणि घरी येऊन फ्रीझरमध्ये पहिल्यांदा दूध ठेवलं.

मला सांगितलं नव्हतं. सांगायचं काय? देणं होतं, देऊन टाकलं. ऑक्टोबरात बँकेला एकदम दाखवू, म्हणून कागद मढवून ठेवला होता.

स्कोर तयार झालाच नव्हता. दोन महिन्यांच्या खात्यावर होत नाही. मॅनेजर समजुतीनं सांगत होता की मॅडम, फेडायचं नव्हतं, हळूहळू भरत राहायचं होतं. बाई त्याच्याकडं नुसत्या बघत होत्या. कर्ज लवकर फेडलं ही चूक, हे वाक्य त्यांच्या डोक्यात शिरतच नव्हतं. आणि मी मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होतो. मी मास्तर. मला सांगता आलं असतं की बाई, फेडू नका. पण असं वाक्य कोणाला सांगावं लागेल, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

डिसेंबरला दोन महिने. मॅनेजर म्हणाला, "घरातलं कोणी आहे का? रक्ताचं, पगारदार? सोबत अर्ज केला तर होईल."

आणि मी म्हटलं, "मिथुन आहे."

हे मी म्हटलं. बाईंनी नाही. ते तोंडातून निघालं आणि बाईंनी माझ्याकडं असं पाहिलं की मी खुर्चीत आक्रसलो.

मिथुन म्हणजे सोमाजीच्या त्या थोरल्या भावाचा मुलगा. बाप गेल्यावर काकूकडं येऊ-जाऊ लागला होता. चंद्रपूरकडं एका ठेकेदाराकडं सुपरवायझर, पगार खात्यात. पोरगा गोड बोलणारा, आला की काकूच्या पाया पडायचा. बापाचं पाप पोराच्या माथी मारायचं नाही, एवढं मोठं मन बाईंचं होतं. तरी त्यांना तीन दिवस लागले. चौथ्या दिवशी त्यांनी त्याला फोन केला.

मिथुन आला, इस्त्रीचा शर्ट, पायात नवे बूट. मॅनेजरनं त्याचा स्कोर काढला. सातशे बासष्ट. "एकदम छान रेकॉर्ड," मॅनेजर म्हणाला. "बाइक, मोबाइल, पर्सनल लोन. चार वर्षांत एकही हफ्ता उशिरा नाही."

बाई हसल्या. मोठ्यानं. बाहेरच्या रांगेतली माणसं वळून पाहायला लागली.

"उशीर कसा होईन, सायेब? तारीख आली का हा माह्या दारात येते. 'काकू, हफ्ता हाये, दोन हजार द्या. काकू, पगार लेट हाये, तीन हजार द्या.' चार वर्स मी देऊन राह्यली. विचारा याले."

मिथुन बुटांकडं पाहू लागला. "तसं काई नाई, एक-दोन डाव..." एवढंच पुटपुटला.

मी मॅनेजरला म्हटलं, "म्हणजे या रेकॉर्डमधले हफ्ते कोणी भरलेत ते कळलं ना आता? मग ते कोणाच्या नावावर धरणार?"

"सर, सिस्टीममध्ये खातं ज्याचं, नोंद त्याची." आणि मग, अर्थातच, "माझ्या हातात नाही."

मला तो टेबल उलटावा असं वाटलं. खोटं कशाला सांगू. चार वर्षं बाईच्या पैशानं ज्याची इज्जत राहिली तो विश्वासू, आणि बाई अनोळखी.

अट अशी निघाली की मुख्य अर्जदार मिथुन, बाई त्याच्याबरोबर. घराच्या कागदावर पहिलं नाव मिथुनचं, दुसरं बाईंचं.

"माह्यं नाव पयले," बाई म्हणाल्या.

मॅनेजरनं सांगितलं की ते शक्य नाही.

"मंग नाई." बाई उठल्या. "याच्या बापाच्या नावावर माह्या नवऱ्याचं घर होतं. एकदा झालं तेवढं पुरे झालं. सहा लाख माह्ये, हफ्ते मी भरनार, अन् नाव याचं पयले?" त्यांनी पिशवी उचलली आणि मागं न बघता बाहेर पडल्या.

मी त्यांच्या मागं निघालो. दारातून बाहेर पडताना मागून मॅनेजर मिथुनला काहीतरी समजावत असल्याचं कानावर आलं. तुमची एकट्याची पात्रताच अकरा लाखांपर्यंत बसते, असं काहीसं. मी ऐकलं आणि सोडून दिलं. त्या क्षणी मला बाईंच्या तब्येतीची काळजी होती. आज वाटतं, तिथंच वळून मिथुनची कॉलर धरायला हवी होती.

नोव्हेंबरभर आम्ही फिरलो. पतसंस्था, दुसऱ्या बँका, नागपूरची एक कंपनी. कोणी नाही म्हणायचं, कोणी व्याज असं सांगायचं की बाईंनी रात्रंदिवस पोळ्या लाटल्या तरी पुरं पडलं नसतं. बाईंनी मेसमधल्या जुन्या पोरांना विचारू द्यायला साफ नकार दिला. मी म्हटलं, आम्ही पन्नास जण जमवतो, आठ लाख होतील. तर म्हणाल्या, "पन्नास जनाचं देनं अंगावर घेऊन मी त्या घरात झोपू कशी?" त्यांचा तो हट्ट मला तेव्हाही पटला नाही, आजही पटत नाही, आणि आजही मी त्यांना दोष देऊ शकत नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात बापूरावांचा मला फोन आला. आवाज आनंदाचा. "अजयभाऊ, झालं बा एकदाचं. रजिस्ट्री करून टाकली. बायनाबाईले सांगजा, अभिनंदन."

मला कळेना. "कोणाशी केली?"

"अरे, त्याईच्याच पुतन्याशी ना. मिथुन. म्हनला, काकूसाठीच घेऊन राह्यलो, कर्ज माह्या नावावर भेटते म्हनून कागद माह्या नावावर. घरचाच पोरगा, मी म्हटलं चांगलंच झालं."

मी तसाच फोन कापला. वर्गात होतो. पोरं बघत होती.

बँकेनं अकरा लाख दिले होते. वरचे तीन मिथुननं गावचं वावर विकून आणले. त्या वावरात सोमाजीचा हिस्सा होता की नव्हता, हे विचारायला आता कोण उरलंय?

संध्याकाळी मी मेसवर पोचलो तेव्हा मिथुन तिथं आधीच आला होता, पेढ्याचा डबा घेऊन. "काकू, घर घरातच राह्यलं," तो म्हणत होता. "मी नसतं घेतलं तं बाहेरच्यानं घेतलं असतं, अन् तुमाले काढलं असतं. तुमी कुठी जाऊ नका. इथीच राहा. भाडं फक्त बँकेच्या हफ्त्याएवढं द्या, मले वरतून एक रुपया नाई पायजे."

"किती हाये हफ्ता?" बाईंनी विचारलं.

"दहा हजार."

आधीचं भाडं साडेचार हजार होतं. आणि बाईंनी जे कर्ज मागितलं होतं त्याचा हफ्ता आठ हजार बसत होता. तेवढा ही बाई दर महिन्याला भरेल की नाही, याचा बँकेला भरवसा नव्हता.

मी काय काय बोललो ते इथं लिहिण्यासारखं नाही. पोरं जेवता जेवता थांबली होती. मिथुननं एकदाही मान वर केली नाही, पण गेलाही नाही. शेवटी बाईंनीच मला हातानं थांबवलं. पेढ्याचा डबा त्यांनी उघडला नाही, फेकलाही नाही. त्याच्या हातात परत दिला. म्हणाल्या, "पैसे तुया हातात नाई देनार. कर्जाच्या खात्याचा नंबर लिहून दे."

तो गेल्यावर मी म्हटलं, "बाई, सोडा हे घर. दुसरीकडं जागा बघू. याचे हफ्ते तुम्ही कशाला भरायचे?"

"कुठी बघते? पोराईच्या परीक्षा तोंडावर हायेत. बोअरिंग, अंगन, शेड, हे कोन देते?" मग त्यांचा आवाज चढला, आणि त्या दिवसातला त्यांचा सगळा राग माझ्यावर निघाला. "अन् मी काऊन निघू? सांग ना! एकदा निघाली मी गुमान, पेटी घेऊन. चोर ते, अन् जीपमध्ये मी बसली. आता नाई निघत. ज्याले काढाचं अशीन त्यानं हात धरून काढावं, साऱ्या गल्लीसमोर."

जानेवारीच्या एक तारखेला बाई बँकेत गेल्या. रांगेत उभ्या राहिल्या. स्लिप स्वतः भरली, वाकड्या अक्षरांत, खात्याचा नंबर दोनदा ताडून. दहा हजार भरले, शिक्का मारून घेतला, आणि ती पावती घेऊन थेट मॅनेजरच्या काचेच्या केबिनसमोर उभ्या राहिल्या. आत गेल्या नाहीत. काचेला पावती लावून धरली, तो वर बघेपर्यंत.

दर महिन्याला हेच. एक तारीख चुकलेली नाही. सुट्टी असली तर दुसऱ्या दिवशी बँक उघडायच्या आधी पायरीवर. घराला पाडव्याला रंग दिला तोही त्यांनीच, स्वतःच्या पैशानं. मिथुननं परवा नवी गाडी घेतली, कर्जावर. लगेच मिळालं म्हणे.

मागच्या महिन्यात मी त्यांच्यासोबत होतो. त्यांनी पावती काचेला लावली तसा मॅनेजर उठून बाहेर आला. थकलेला दिसत होता. हलक्या आवाजात म्हणाला, "बाई, तुम्हाला इथपर्यंत यायची गरज नाही. मोबाइलवरून भरता येतं. सर शिकवतील तुम्हाला."

"मले हाये गरज," बाई म्हणाल्या. त्या हळू बोलल्या नाहीत. रांगेतली सगळी माणसं ऐकत होती. "तुमाले माहीत नव्हतं ना मी भरन का नाई? म्हनून येते मी. पाहून घ्या, सायेब. भरून राह्यली."

बाईंनी पावतीची घडी करून पिशवीत टाकली आणि मला म्हणाल्या, "चाल लवकर, पयली पंगत बसाची हाये."